काउन्सिलचं रिकामं घर: जुनी चावी परत येण्यापासून नवी चावी हातात पडेपर्यंत

इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, इस्टेटमधून (घरांच्या वसाहतीतून) जाताना एखाद्या फ्लॅटच्या दाराखिडक्यांना पोलादी पत्रे ठोकलेले दिसतात. महिने उलटतात, पत्रे तसेच. आणि आपल्या ओळखीचं एखादं कुटुंब त्याच बरोमध्ये (काउन्सिलच्या हद्दीत) तात्पुरत्या निवाऱ्याच्या एका खोलीत दोन मुलांना घेऊन दिवस काढत असतं. घर पडून आहे आणि माणसांना छप्पर नाही, मग देत का नाहीत, हा प्रश्न मनात येतोच. प्रश्न रास्त आहे. पण घर रिकामं होण्यापासून ते पुन्हा भाड्याने जाण्यापर्यंत मध्ये बरेच टप्पे असतात आणि प्रत्येक टप्पा वेगळ्या माणसाच्या हातात असतो. घर कोणत्या टप्प्यावर अडकलंय हे कळलं, तर कुणाला काय विचारायचं तेही कळतं.

हा लेख इंग्लंडपुरता आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत. काउन्सिलच्या घरासाठी अर्ज केलेले, आधीच अशा घरात राहणारे, किंवा एखाद्या काउन्सिलच्या हाउसिंग विभागात नव्याने नोकरीला लागलेले, अशा सगळ्यांना तो उपयोगी पडावा.

रिकाम्या घराची किंमत कोण मोजतं

काउन्सिलमध्ये रिकाम्या घराला 'व्हॉइड' म्हणतात आणि ते पुन्हा भाड्याने देण्याला 'रीलेट'. एका भाडेकरूची चावी परत आल्यापासून दुसऱ्याची टेनन्सी (भाडेकरार) सुरू होईपर्यंतचे दिवस मोजले जातात. त्या दिवसांचं भाडं बुडतं, आणि ते बुडतं 'हाउसिंग रेव्हेन्यू अकाउंट' या खात्यातून. काउन्सिलच्या घरांचं भाडं याच खात्यात जमा होतं आणि दुरुस्त्या, कर्जाचे हप्ते, कर्मचाऱ्यांचे पगार याच खात्यातून निघतात. हे पैसे काउन्सिलच्या इतर कामांच्या पैशांत मिसळता येत नाहीत. म्हणजे एक घर विनाकारण दोन महिने बंद राहिलं, तर त्याचा भार शेजारच्या भाडेकरूंच्या दुरुस्त्यांवर पडतो. दुसरीकडे तात्पुरत्या निवाऱ्याचा खर्च चालूच असतो. मार्च २०२५ अखेर इंग्लंडमध्ये १ लाख ३० हजारांहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात होती आणि प्रतीक्षायाद्यांवर १३ लाखांहून जास्त. एवढ्या गरजेपुढे घर रिकामं ठेवणं हे फक्त हिशेबाचं नुकसान नाही, तो अन्याय आहे असं माझं मत आहे.

पण बंद दिसणारं प्रत्येक घर देण्याजोगं असतंच असं नाही. काही इमारती पाडून नव्याने बांधायच्या असतात, म्हणून एकेक भाडेकरू दुसरीकडे हलवून फ्लॅट बंद करत नेतात. लंडनच्या साउथवर्कमधली एल्सबरी इस्टेट हे त्याचं मोठं उदाहरण. काही घरं 'राइट टू बाय'खाली, म्हणजे भाडेकरूला आपलं काउन्सिलचं घर सवलतीत विकत घेण्याच्या हक्काने, विकली गेलेली असतात. फ्लॅट असेल तर इमारतीची मालकी बहुधा काउन्सिलकडेच राहते, पण तो फ्लॅट काउन्सिल दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. आणि रस्त्यावरचं बंद घर खासगी मालकाचं असेल, तर काउन्सिल ते सरळ उचलून कुणाला देऊ शकत नाही. वर्षभर रिकाम्या आणि सामान नसलेल्या घरावर दुप्पट काउन्सिल टॅक्स लावता येतो, दहा वर्षांहून जास्त रिकामं असेल तर चौपटीपर्यंत. ताब्यात घेण्याचे कायदेही आहेत, पण ते क्वचित वापरले जातात. तेव्हा पहिलं काम म्हणजे ते घर नक्की कुणाचं आहे हे विचारून घेणं.

पहिली पायरी: नोटीस

भाडेकरू घर सोडणार असेल तर त्याने किमान चार आठवड्यांची लेखी नोटीस द्यायची असते. भाडं बहुतेक ठिकाणी सोमवार ते रविवार असं आठवड्याचं असतं, म्हणून नोटीस सहसा रविवारी किंवा सोमवारी संपते. बऱ्याच काउन्सिल सोमवारी दुपारी बारापर्यंत चावी मागतात. चावी उशिरा दिली की पुढच्या आठवड्याचं भाडं लागू शकतं.

इथे एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. टेनन्सी नवराबायकोच्या संयुक्त नावावर असेल आणि दोघांपैकी एकाने रीतसर नोटीस दिली, तर दोघांचीही टेनन्सी संपते. संसार मोडताना रागाच्या भरात दिलेल्या एका कागदामुळे मुलांसह मागे राहिलेल्या माणसाचं घर जातं. सही करण्याआधी शेल्टर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थांशी बोला.

भाडेकरू वारला तर टेनन्सी आपोआप संपत नाही. आधी हक्काने राहणारा वारस आहे का ते पाहतात. १ एप्रिल २०१२ नंतर सुरू झालेल्या टेनन्सीत कायद्याने हा हक्क फक्त पती, पत्नी किंवा जोडीदाराला आहे, आणि तोही एकदाच. मुलगा, सून, आई यांना तो तेव्हाच मिळतो, जेव्हा करारात तसं लिहिलेलं असतं. वारस नसेल तर मृताच्या प्रतिनिधीला नोटीस जाते आणि तिची प्रत पब्लिक ट्रस्टी या सरकारी अधिकाऱ्याकडे. यात आठवडे जातात. बाहेरून पाहणाऱ्याला घर रिकामं वाटतं, कायद्याने ते अजून कुणाचं तरी असतं. भाडेकरू न सांगता निघून गेल्यावरही असंच होतं. काउन्सिलला नोटीस लावावी लागते, मागे टाकलेलं सामान काही काळ सांभाळावं लागतं.

दुसरी पायरी: जुना भाडेकरू असतानाच पाहणी

माझ्या मते सगळ्यात जास्त दिवस इथे वाचतात आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते. नोटीस आली की त्या चार आठवड्यांत अधिकाऱ्याने घरी जाऊन पाहावं. स्वयंपाकघर बदलायचं आहे का, कुठे ओल आहे, भाडेकरूने स्वतः काय बसवलंय, काय काढून न्यावं लागेल, सगळं त्याच वेळी लिहून घ्यावं. त्याच काळात घराची जाहिरातही देता येते. मग चावी परत येते तेव्हा दुरुस्तीची यादी तयार असते आणि पुढचं कुटुंबही ठरत आलेलं असतं. हे न करणाऱ्या ठिकाणी चावी येते, पेटीत पडते, आठवड्याने कुणीतरी बघायला जातं, मग ठेकेदाराला काम जातं, मग दुरुस्ती विभाग वाटप विभागाला कळवायला विसरतो. घर प्रत्यक्ष दुरुस्तीत जेवढं अडकतं त्याहून जास्त ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना अडकतं.

तुम्ही घर सोडणारे असाल तर या पाहणीला घरी थांबा. काय दुरुस्त करून द्यायचं, काय काढायचं हे तिथेच विचारा आणि ईमेलवर मागून घ्या. पोटमाळा, शेड, बाग रिकामी करा. मीटरचे आकडे आणि प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवा. नंतर सफाईचं किंवा तोडफोडीचं बिल आलं तर हेच फोटो कामाला येतात.

तिसरी पायरी: चावी आल्यावर घरात काय होतं

कुलूप बदलतं. गॅस बंद करून पाइपाला टोपी घालतात, नवा भाडेकरू येईल तेव्हा गॅस सेफ नोंदणी असलेला तंत्रज्ञ तो पुन्हा सुरू करून तपासतो. वायरिंगची तपासणी होते. घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर साचलेल्या पाण्यात लिजिओनेलाचे जंतू वाढू नयेत म्हणून नळ सोडून पाणी वाहू देतात, आणि थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून पाणी काढून टाकतात. जुन्या इमारतींत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीच्या छताच्या थरात, फरशीत, पाइपांच्या वेष्टणात ते सापडतं. भिंत फोडण्याआधी त्याची तपासणी लागतेच. हे वेळखाऊ आहे, पण इथे घाई करू नये.

मग घर दोनपैकी एका वर्गात जातं. किरकोळ काम म्हणजे सफाई, दारं, नळ, थोडं प्लास्टर, धुराचे अलार्म. मोठं काम म्हणजे नवं स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळं वायरिंग, छत किंवा मुळापासून ओल काढणं. किरकोळ कामाचं घर काही आठवड्यांत तयार व्हायला हवं. मोठ्या कामाच्या घराला महिनोन्महिने लागू शकतात आणि त्याचं कारण कधीकधी खरंच पटण्यासारखं असतं.

प्रत्येक काउन्सिलचा एक 'लेटेबल स्टँडर्ड' असतो. नव्या भाडेकरूला घर कमीत कमी कोणत्या अवस्थेत द्यायचं याची ती यादी. बहुतेक काउन्सिल ती वेबसाइटवर ठेवतात. ती छापून जवळ ठेवा, घर पाहायला जाताना तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. ती वाचताना आपल्याकडच्यांना एक धक्का बसतो. या घरात शेगडी, फ्रिज, वॉशिंग मशीन नसतं. बहुतेक वेळा कार्पेटही नसतं, जुनं उपसून टाकलेलं असतं आणि खाली उघडा काँक्रीट किंवा लाकडी फळ्या. रंगकामाऐवजी रंगाची व्हाउचर्स मिळतात. चांगलं कार्पेट उपसून कचऱ्यात टाकायचं आणि मग गरीब कुटुंबाला नवं घ्यायला लावायचं, हे मला कधीच पटलं नाही. काही काउन्सिल आता चांगलं फ्लोअरिंग ठेवायला लागल्या आहेत, तेव्हा विचारायला संकोच करू नका.

अपंग भाडेकरूसाठी बदललेलं घर असेल, म्हणजे उंबरठा नसलेली न्हाणी, रुंद दारं, लिफ्ट, तर ते तशीच गरज असलेल्या कुटुंबाला द्यायला हवं. तुमच्या घरात कुणाला अशी गरज असेल तर अर्जात ती ठळक लिहा, डॉक्टरांचा आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टचा कागद जोडा.

चौथी पायरी: हे घर कुणाला मिळणार

म्हाडाच्या सोडतीची सवय असलेल्यांनी इथे आधी एक लक्षात घ्यावं. इथे सोडत नाही. १९९६च्या हाउसिंग ॲक्टनुसार प्रत्येक काउन्सिलला वाटपाचे नियम प्रसिद्ध करावे लागतात आणि काही गटांना प्राधान्य द्यावंच लागतं. बेघर, दाटीवाटीच्या किंवा आरोग्याला घातक घरात राहणारे, वैद्यकीय किंवा कल्याणाच्या कारणाने हलण्याची गरज असलेले, आणि हलले नाहीत तर हालअपेष्टा होतील असे लोक.

त्याआधी पात्रता. स्किल्ड वर्कर किंवा विद्यार्थी व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदत घेता येणार नाही) अशी अट असते आणि काउन्सिलच्या घराचं वाटप त्यात मोडतं. या व्हिसावर असताना अर्ज करू नका, त्याचा परिणाम पुढच्या इमिग्रेशन अर्जावर होऊ शकतो. कायमस्वरूपी राहण्याचा परवाना किंवा ब्रिटिश नागरिकत्व मिळाल्यावर साधारणपणे हा मार्ग खुला होतो. जोडप्यातला एक पात्र आणि दुसरा अपात्र असेल तर दोघांच्या नावे संयुक्त टेनन्सी देता येत नाही. अशा वेळी आधी सल्ला घ्या, मग फॉर्म भरा.

यावर प्रत्येक काउन्सिलच्या आपापल्या अटी असतात. त्या भागात ठरावीक वर्षं वास्तव्य, उत्पन्नाची आणि बचतीची मर्यादा. २०११च्या लोकॅलिझम ॲक्टने हे अधिकार वाढवले. त्यामुळे एका बरोमध्ये पात्र ठरलेलं कुटुंब शेजारच्या बरोमध्ये यादीवरही येत नाही. ब्रॉम्लीसारख्या काही काउन्सिलनी तर १९९०च्या दशकात आपली जवळजवळ सगळी घरं हाउसिंग असोसिएशनला (कमी भाड्याची घरं देणाऱ्या बिनानफ्याच्या संस्थेला) दिली. तिथे काउन्सिल फक्त नावं सुचवते, घर असोसिएशन देते. दुरुस्तीबद्दल कुणाला फोन करायचा ते यावर ठरतं.

बऱ्याच ठिकाणी घराची जाहिरात वेबसाइटवर येते आणि तुम्ही त्यावर 'बिड' लावता. बिडला पैसे लागत नाहीत, ती फक्त इच्छा नोंदवणं आहे. आधी गरजेनुसार दिलेला बँड (गट) किंवा पॉइंट्स पाहतात, मग त्या बँडमध्ये कोण जास्त काळ आहे ते. कॅम्डेन पॉइंट्स वापरतं, इतर अनेक काउन्सिल बँड. सगळी घरं जाहिरातीत येतातच असंही नाही. बेघर कुटुंबांना, हिंसाचारातून बाहेर काढलेल्यांना, खास सोयींची गरज असलेल्यांना काही घरं थेट दिली जातात.

अर्ज टिकवण्यासाठी काही गोष्टी न चुकता करा. दरवर्षी नूतनीकरणाचं पत्र किंवा ईमेल येतं, उत्तर दिलं नाही तर नाव कटतं. बाळ झालं, आजारपण आलं, पत्ता बदलला, की लगेच पुराव्यासह कळवा. जाहिरात नीट वाचा. '५५ वर्षांवरील' किंवा 'फक्त बदली करू इच्छिणारे भाडेकरू' असं लिहिलेल्या घरावर बिड लावून काहीच हाती येत नाही.

आणि कागदपत्रं आधीच तयार ठेवा. यादीत वर नाव आलं की काउन्सिल थोड्या दिवसांत पुरावे मागते आणि कागद नसले तर घर पुढच्याकडे जातं. मुलांचे जन्मदाखले फक्त मराठीत असतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून ठेवा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, बँकेत ते नाही, लग्नाआधीचं आडनाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर, हा गोंधळ आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांत असतो. विवाह नोंदणीचा दाखला आणि एक साधं स्पष्टीकरणाचं पत्र जोडलं की अधिकाऱ्याला अडायला कारण राहत नाही. माहिती मात्र खरीच द्या. घर मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे.

पाचवी पायरी: घर पाहणं आणि होकार

एका घरासाठी बहुधा एकाहून जास्त कुटुंबांना बोलावतात. पहिल्याने नकार दिला तर दुसऱ्याला. पाहायला पंधरा-वीस मिनिटं मिळतात आणि कधी त्याच दिवशी उत्तर मागतात. ही वेळ खिडकीतून दिसणारा देखावा पाहण्यात घालवू नका.

कोपऱ्यांत, बाहेरच्या भिंतींच्या तळाशी, खिडकीच्या चौकटीवर हात फिरवा. ताज्या रंगाखाली डाग दिसतोय का, वास येतोय का पाहा. न्हाणीघरातला पंखा चालू करा. खिडक्या उघडून बंद करा. बॉयलर किती जुना, रेडिएटर प्रत्येक खोलीत आहे का, मीटर प्रीपेमेंटचं आहे का, त्यावर आधीच्या माणसाचं देणं आहे का, हे विचारा. धुराचा अलार्म प्रत्येक मजल्यावर, आणि गॅस बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असलाच पाहिजे. ऊर्जेचा दाखला, गॅस तपासणीचा कागद, वायरिंगचा अहवाल मागा. 'ते काम तुम्ही राहायला आल्यावर करू' असं कुणी म्हणालं तर कोणतं काम आणि कधीपर्यंत, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी पुढच्या महिन्यात त्या टेबलावर असेलच असं नाही.

बेघर म्हणून काउन्सिलने तुमची जबाबदारी घेतली असेल तर नकार देताना फार जपा. अशा वेळी बहुधा एकच प्रस्ताव मिळतो. घर योग्य वाटत नसेल तरी ते स्वीकारून, त्याच वेळी २१ दिवसांच्या आत पुनर्विचार मागता येतो. सरळ नकार दिला आणि पुनर्विचारात हरलात, तर घरही जातं आणि काउन्सिलची जबाबदारीही संपते.

सहावी पायरी: सही, चावी आणि पहिले आठवडे

टेनन्सी बहुधा सोमवारी सुरू होते. नव्या भाडेकरूला अनेक काउन्सिल आधी एक वर्षाची 'इंट्रोडक्टरी टेनन्सी' देतात. त्या वर्षात भाडं थकवलं किंवा गंभीर तक्रारी आल्या तर घर जाणं सोपं असतं. वर्ष नीट गेलं की सिक्युअर टेनन्सी, म्हणजे सहजासहजी काढून घेता न येणारी. भाडं 'सोशल रेंट' (सरकारी सूत्राने ठरलेलं कमी भाडं) आहे की 'अफोर्डेबल रेंट' ते सहीआधी बघा. दुसऱ्या प्रकाराचं भाडं बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. सोशल रेंटवर सर्व्हिस चार्ज वेगळा लागू शकतो. काउन्सिल टॅक्स वेगळाच. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणारी सरकारी मदत) घेत असाल आणि घरात गरजेपेक्षा एक बेडरूम जास्त असेल तर घरभाड्याच्या मदतीतून १४ टक्के कापले जातात, दोन किंवा जास्त असतील तर २५ टक्के.

जुन्या घराचं भाडं आणि नव्याचं भाडं एकाच वेळी लागू नये म्हणून तारखा आधीच जुळवा. चावी मिळाल्यावर त्याच दिवशी मीटरचे फोटो काढा, वीज-गॅस कंपनीत नाव नोंदवा आणि गॅस सुरू करण्याची वेळ ठरवून घ्या. शेगडी, पलंग घ्यायला पैसे नसतील तर काउन्सिलच्या आपत्कालीन मदतीबद्दल आणि जुनं फर्निचर देणाऱ्या स्थानिक धर्मादाय संस्थांबद्दल हाउसिंग ऑफिसरला विचारा. वरच्या मजल्यावर लाकडी फ्लोअरिंगला बऱ्याच ठिकाणी मनाई असते, घालण्याआधी परवानगी घ्या.

पहिल्या महिन्यात सापडलेला प्रत्येक दोष ऑनलाइन किंवा ईमेलने कळवा. ओल आणि बुरशीच्या बाबतीत आता कायदा तुमच्या बाजूने आहे. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये बुरशीमुळे श्वसन बिघडून दोन वर्षांच्या अवाब इशाकचा मृत्यू झाला. त्याच्या नावाचा 'अवाब्ज लॉ' २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. तातडीचा धोका २४ तासांत हाताळायचा, गंभीर ओल-बुरशीची चौकशी कळवल्यापासून १० कामाच्या दिवसांत, आणि धोका आढळला तर पुढच्या ५ कामाच्या दिवसांत घर सुरक्षित करायचं. 'खिडक्या उघडा, भात शिजवताना झाकण ठेवा' एवढं सांगून कुणी पाठवणी करत असेल तर ते मान्य करू नका. चौकशीचा लेखी सारांश मागा.

काम झालं नाही तर तक्रारीचे दोन टप्पे आहेत. पहिल्याला १० कामाच्या दिवसांत उत्तर यायला हवं, दुसऱ्याला २० कामाच्या दिवसांत. त्यानंतरही समाधान झालं नाही तर, घराच्या अवस्थेबद्दल किंवा दुरुस्तीबद्दल हाउसिंग ओम्बड्समनकडे (तक्रारींची स्वतंत्र चौकशी करणाऱ्या यंत्रणेकडे) जा. बँड चुकला, अर्ज चुकीने नाकारला, अशी वाटपाची तक्रार असेल तर आधी काउन्सिलकडे पुनर्विचार मागा आणि मग लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे जा. दोन्ही सेवा मोफत आहेत.

एक शेवटची सूचना खासगी भाड्याने राहणाऱ्यांसाठी. काउन्सिल इमारतीतला फ्लॅट कुणी स्वस्तात देत असेल तर तो त्याच्या मालकीचा आहे का हे लँड रजिस्ट्रीवर (मालमत्तेच्या मालकीच्या सरकारी नोंदणीवर) थोडी फी भरून तपासा. 'राइट टू बाय'ने घेतलेला असेल तर तो मालक लीजच्या अटी पाळून भाड्याने देऊ शकतो. पण तो काउन्सिलचाच भाडेकरू असेल आणि स्वतः दुसरीकडे राहून अख्खं घर तुम्हाला देत असेल, तर २०१३च्या सोशल हाउसिंग फ्रॉड कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो. पकडलं गेल्यावर त्याचं घर जातं आणि तुम्हालाही थोड्या दिवसांत बाहेर पडावं लागतं. डिपॉझिट देण्याआधी काउन्सिलच्या हाउसिंग विभागाला एक फोन करा.